धूळ कुठून आली, भास्कर

भास्कर, त्या इंजिनात धूळ मी घातली होती.

बघ, एवढंच वाक्य. आठ वर्षं मी ते तोंडात घोळवलं आणि दर वेळी चहाबरोबर गिळून टाकलं. तू समोर बसलेला असायचास, गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानातून सुटून आलेला, खिशाला ते दुकानाचं निळं बॉलपेन, आणि मी आमच्या कचेरीतल्या साहेबाच्या नकला करून तुला हसवत असायचो. तू हसलास की मला वाटायचं, आज नको, आज गडी खुशीत आहे. तू गप्प असलास की वाटायचं, आज नको, आज आधीच खचलेला आहे. आता तू नाहीस, तर वाक्य कसं सरळ बाहेर आलं. मेलेल्या माणसासमोर शूर होणं फार सोपं असतं.

परवा तुझी तेरवी झाली. लोक तुझ्याबद्दल चांगलंच बोलले. तुझ्या दुकानाचे मालक म्हणाले, "माणूस सोन्यासारखा, पण स्वतःच्या धंद्यात नशीब नाही लागलं त्याले." सगळ्यांनी माना हलवल्या. मीसुद्धा हलवली. नशीब नव्हतं गा ते. तुझं नशीब त्याच पंगतीत मांडी घालून बसलं होतं आणि वाढप्याकडे वरण मागत होतं.

महाल भागातली तुझी टिनाची शेड मला अजून वासासकट आठवते. रॉकेल, जळकं तेल आणि तू बापाच्या जुन्या धोतराचे फाडून ठेवलेले पांढरे तुकडे. आणि भिंतीवरची ती फळी. इतर मेकॅनिक देवाचा फोटो लावायचे, तू मेलेले पिस्टन मांडून ठेवायचास. गाडीच्या पोटातला तो पोकळ, डब्यासारखा तुकडा, वरखाली पळणारा. तो खराब झाला की लोक भंगारात देतात. तू प्रत्येकाच्या पोटात, आतल्या बाजूला, टोकदार सळईनं मरणाचं कारण कोरायचास. "तेल कमी." "रिंग उलटी." "मालक गाढव." तो शेवटचा मला इतका आवडायचा की येणाऱ्या प्रत्येकाला मी दाखवायचो. कारण सापडल्याशिवाय तू पिस्टन फळीवर चढवत नसायचास. म्हणायचास, "कारण नाही भेटलं तं त्याचं क्रियाकर्म कसं करू गा?"

मला ऐकायला तू शिकवलंस. चालत्या इंजिनाला पेचकस, म्हणजे लांब स्क्रूड्रायव्हर, टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. पहिल्यांदा मला नुसता गोंधळ ऐकू आला. तू म्हणालास, "घाई नको करू. भजनात जसा टाळ वेगळा ऐकू येते, तसा एकेक आवाज वेगळा होईन." महिन्याभरानं खरंच झाला. कळमेश्वरकडच्या शेतकऱ्याचा पोरगा, कारकून म्हणून चिकटलेला, दिवसभर आवक-जावक रजिस्टरात मान घालून बसणारा मी. मला आयुष्यात कुणी एवढी मोठी वस्तू दिली नव्हती. तुझ्यामुळे मला कान आले. त्याच कानांनी पुढे मी सगळं ऐकलं आणि गप्प बसलो.

डर्ट बाईक हा शब्द तेव्हा आपल्या गावी नव्हता. आपण तिला मातीची गाडी म्हणायचो. जुनी अडीचशे सीसीची टू-स्ट्रोक घेऊन तू तिचे मडगार्ड कापलेस, सायलेन्सर वर वळवून सीटच्या बाजूनं नेला, आणि कळमेश्वर रस्त्यावरच्या बंद पडलेल्या मुरमाच्या खाणीत मी तिला उडवायला लागलो. मी हलका, लहानपणी शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, गाडी हाकायला धुरकरी म्हणून बसलेला, पडायची भीती नसलेला. तू बनवायची, मी चालवायची. शहरात तीन-चार जणांनाच या शर्यतींचं वेड होतं, त्यात एक कोळशाच्या धंद्यातले शेठ. त्यांच्या चार गाड्या होत्या. त्यांनी तुला शब्द दिला होता की जानेवारीतली शर्यत तुझी गाडी पुरी धावली, तर चारही गाड्यांची इंजिनं तुझ्याच हातात देऊ. त्या दिवसापासून तू शेडमध्ये गुणगुणत काम करायला लागलास. सूर भयंकर होता.

खाणीतली लाल धूळ पाहून तूच हवेचा फिल्टर बनवलास. इतवारीतल्या गादीवाल्याकडून फोमचा तुकडा आणलास, कापून हवेच्या डब्यात बसवलास, आणि रॉकेलमध्ये धुऊन इंजिन ऑइलमध्ये बुडवून पिळून काढलास. मी विचारलं होतं, एवढं चिकट काहून करतो? तू म्हणालास, "धूळ त्या चिकटीले धरून राहते. कोरडा फोम म्हंजे चाळणी होय गा. तेलाचा फोम म्हंजे दरवान."

मग पोळा आला. आमच्या घरी बैल विकून दोन वर्षं झाली होती, आणि आदल्या दिवशी, खांदमळणीच्या संध्याकाळी, माझे हात नुसते शिवशिवत होते. मी गाडीच अंगणात घेतली. घासूनपुसून धुतली, हँडलच्या दोन्ही टोकांना बैलाच्या खांद्यासारखं हळद-तूप चोळलं, आणि आमचे बाबा बैलांना म्हणायचे तसं तिला म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बैलाच्या नाकपुड्याही ओल्या फडक्यानं पुसतात, म्हणून मी हवेचा डबा उघडला आणि तो काळा, चिकट फोम साबणाच्या भुकटीनं खसाखसा धुतला. पिवळाधम्मक निघाला. वाळवून बसवला. दुसऱ्या दिवशी झूल टाकून, बाशिंग बांधून गाडी तुझ्या शेडवर नेली, तेव्हा अख्खी गल्ली हसली आणि तू सगळ्यांत जास्त हसलास. तुझ्या बायकोनं, शालू वहिनींनी, तिला ओवाळून पुरणाचा घास दाखवला. मग तू डबा उघडलास आणि हसणं थांबलं.

"हे कोणं धुतलं बे?"

"मीच. घाण झाला होता."

"घाण नव्हती ते, तेल होतं. पुन्हा फोमले हात लावशीन तं हात तोडून फळीवर ठेवीन."

तू तो पुन्हा तेलात बुडवलास आणि विषय तुझ्यासाठी संपला. माझ्यासाठी संपला नव्हता. कारण घरापासून तुझ्या शेडपर्यंत कोरड्या फोमवर गाडी जी उधळली होती, ती मी विसरू शकलो नाही. तेलकट फोममधून तिला श्वास जड पडायचा. कोरड्यातून ती मोकळी पळायची. मला वाटलं, भास्कर हुशार आहे पण भित्रा आहे. पावसाळा सरला, खाण सुकली, दसऱ्यानंतर तू पिस्टन ज्यात पळतो तो सिलिंडर नवा करून दिलास, आणि मी चोरून फोम धुवायला लागलो. दर आठवड्याला. धुवायचा, वाळवायचा, कोरडाच बसवायचा आणि खाणीत जायचं. रविवारी तुझ्याकडे आणण्याआधी तेलात बुडवून पिळायचा, फोममागची नळी फडक्यानं लख्ख पुसायची. तुला वाटावं, हात लावलेलाच नाही. यात मला लबाडी वाटत नव्हती. मी शर्यत जिंकून तुला चकित करणार होतो.

दोन महिन्यांत किक सैल लागायला लागली. मग खडखड सुरू झाली, डब्यात गोटी टाकावी तशी. पेचकस कानाला न लावताही मला ऐकू येत होती. तू इंजिन उघडलंस तर नवा सिलिंडर म्हातारा झालेला. तू चक्रावलास. पुढच्या मापाचा पिस्टन घालून, सिलिंडर पुन्हा करून दिलास. बोअर, म्हणजे सिलिंडर आतून कोरून मोठा करणं, तू लेथवाल्याकडून करून आणायचास, पण दगडानं करायची शेवटची घासणी कुणाला देत नसायचास. घासून झालं की गरम पाण्यानं, साबणानं सिलिंडर धुवायचास आणि आतून धोतराचा पांढरा कपडा फिरवायचास. कपड्यावर राखाडी डाग आला, पुन्हा धू. पुन्हा कपडा. घासणीच्या दगडाची पूड आत कणभर राहिली तर तीच इंजिन खाते, म्हणून. त्या वेळी मी शेजारीच उभा होतो. सातवा कपडा पांढरा निघाला. मी मोजले होते. मी म्हणालो, "आता बस कर, बायकोचे कपडे फाडशीन." आणि त्याच आठवड्यात पुन्हा कोरड्या फोमवर खाणीत गेलो; फोमचा आणि खडखडीचा संबंध मी जुळवलाच नव्हता.

शर्यतीला सहा फेऱ्या होत्या. तीन फेऱ्या मी दुसरा होतो. चौथ्या फेरीत चढावर गाडीचा दम गेला, धूर निघाला, आणि शेठ, सगळे मेकॅनिक, अर्धा महाल बघत असताना मी तिला ढकलत बाहेर आणली. तू धावत आलास आणि आधी मला विचारलंस, "तुले लागलं तं नाही ना?" या एका वाक्यासाठी मी तुझा जन्मभर ऋणी आहे, आणि याच वाक्यानं मला जन्मभर झोडपलं आहे.

संध्याकाळी शेडमध्ये शेठ होते, आणखी दोन मेकॅनिक होते. तू पिस्टन काढलास आणि दारातल्या उजेडात धरलास. तो देखावा मी आजही पुसून टाकू शकत नाही. तू शांतपणे सगळ्यांना शिकवत होतास.

"हे पाहा. तेल कमी पडलं असतं तं सायलेन्सरच्या बाजूनं ओरखडे असते. तिकडं साफ हाय. घासलं कुठं? कार्बुरेटरच्या बाजूनं, हवा आत येते तिथं, खाली. आणि चमक नाही, राखडी. पॉलिश पेपर मारल्यावानी. हे धूळच हाय. हवेसंगं धूळ जाऊन राहिली."

मग तू हवेचा डबा उघडलास. फोम तेलानं चप्प. मी सकाळीच बुडवलेला, कारण शर्यतीआधी तू डबा तपासायचास. शर्यतीतल्या चार फेऱ्या तेवढ्या तिनं दरवानासकट धावल्या. पण आधीचा महिनाभर मी तिला मुरूम पाजला होता. तू नळीत बोट फिरवून पाहिलंस. बोट स्वच्छ निघालं. तू ते बोट उजेडात धरलंस, मग वास घेतलास, मग माझ्याकडे पाहिलंस. "धूळ तं हाय," तू म्हणालास, "पण धूळ आली कुठून?"

त्या क्षणी मला सगळं कळलं. अर्धवट नाही, पूर्ण कळलं. मी स्वतःला सांगितलं, शेठसमोर नको, लोक गेले की सांगू. तेवढ्यात त्या दोघांपैकी एक मेकॅनिक म्हणाला, "धूळ नाही तं घासणीची पूड राहिली असन आत. दुसरं काय?" शेठनी नुसती टोपी उचलली आणि ते गेले. आणि तू आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिलास.

लोक गेले. मी सांगितलं नाही. सकाळी सांगू म्हटलं. सकाळी बाजारात म्हण तयार होती: भास्करची घासणी, दोन महिन्यांची पाहुणी. आता सांगितलं तर लोक मानतील का, असा प्रश्न मी स्वतःला विचारला. किती शहाणा प्रश्न! खरा प्रश्न होता की तू मला पुन्हा शेडमध्ये येऊ देशील का. मी शर्यत हरलो होतो, तुला गमावायची माझी तयारी नव्हती. म्हणून तुझं सगळं जाऊ दिलं.

वर्षभरात तू शेड सोडलीस. घासणीची अवजारं विकलीस, फळीवरचे पिस्टन भंगारात दिलेस. मग ते दुकान, आणि काउंटरमागे उभा तू, दुसऱ्यांनी बसवायचे पिस्टन पुड्यात बांधून देणारा. कुणी विचारलं, भाऊ, घासणी कोणाकडून करू, तर तू दुसऱ्यांची नावं सांगायचास. एकदा माझ्यासमोर सांगितलंस. ज्यानं ती पूड राहिली असेल म्हटलं होतं, त्याचंच नाव. मी तिथून उठून गेलो आणि तुला वाटलं, मला तुझा राग आला. दुसऱ्या दिवशी तू माझी समजूत काढायला घरी आलास!

पण तुझं डोकं मात्र मानत नव्हतं. हाच आपला न संपलेला वाद. सहा महिन्यांतून एकदा तरी तो निघायचाच. दवाखान्यातसुद्धा निघाला. तू पार वाळला होतास, हात चादरीवर पडलेला, सलाईनच्या पट्टीखाली. वहिनी औषध आणायला गेल्या होत्या. तू छताकडे बघत म्हणालास, "सुधाकर, पूड राहिली असती तं चारी बाजूनं घासलं असतं."

मी सलाईनचे थेंब मोजायला लागलो.

"एकाच बाजूनं काहून घासलं गा?"

किती जवळ आला होतास तू. एक पाऊल. तू मला विचारत होतास की मला संधी देत होतास, हे मला कधीच कळणार नाही, आणि आता हा विचार मला खाऊन राहिला आहे. मी म्हणालो, "सोड ना आता ते. बरा हो आधी." तू डोळे मिटलेस. थोड्या वेळानं म्हणालास, "कपडा कितीदा फिरवला होता, तुले आठवते?"

सात वेळा, भास्कर. सातवा पांढरा निघाला होता. तुझा हात स्वच्छ होता. एवढं तरी म्हणायचं होतं! त्यासाठी कबुली द्यायचीही गरज नव्हती. मी म्हणालो, "आता काय आठवते." आणि वहिनी आल्या.

परवा पंगती उठल्यावर मी निघालो होतो, तर वहिनींनी थांबवलं. आतून काहीतरी पदरात धरून आल्या. तोच पिस्टन. बाकीचे सगळे भंगारात गेले, हा एक तू घरी नेला होतास, मला माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं, तू त्यात चष्मा ठेवायचास.

"धुऊन काढला तं आत कायतरी कोरलेलं दिसलं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "मले बारीक दिसत नाही. तुमाले त्यायच्या कामातलं समजते. काय लिवलं हाय, वाचून सांगा ना."

मी तो घेऊन दारात गेलो, तुझ्यासारखाच उजेडात धरला. कार्बुरेटरच्या बाजूला तो राखाडी, घासलेला पट्टा तसाच होता. उताणा करून आत पाहिलं. तुझं अक्षर, सळईनं कोरलेलं, खोल, पुन्हा पुन्हा गिरवलेलं. मरणाच्या कारणाच्या जागी तू लिहिलं होतंस: "माझा हात."

मागं वहिनी उभ्या होत्या.

"धूळ," मी म्हणालो. "धूळ लिहिलं आहे, वहिनी."

"धूळ?"

"हवेतून धूळ गेली होती इंजिनात. भास्करचा हात नव्हता चुकला."

त्यांनी पिस्टन माझ्या हातून घेतला आणि स्वच्छ होता तरी पदरानं पुसला. रडल्या नाहीत. बराच वेळ त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग त्यायले मालूम होतं तं आपल्या हाताले जनमभर बोल काहून लावत होते?"

आठ वर्षांत पहिल्यांदा मी खरं बोललो होतो, भास्कर, आणि तेही तुझ्या अक्षराआड लपून. पुढचं वाक्य तोंडाशी होतं. मघा वर लिहिलं तेच, एवढंसं. दारात मी आणि त्या, दोघंच होतो. कुणी शेठ नव्हते, कुणी मेकॅनिक नव्हते.

"काय माहीत, वहिनी," मी म्हणालो.

त्यांनी पिस्टन तुझ्या फोटोसमोर पालथा ठेवला. अक्षरं खाली गेली. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "चहा ठेवू?"

मी म्हणालो, ठेवा.